पावडर कोटिंगच्या पैशांत फवाऱ्याचा रंग

मोटारीच्या अलॉय चाकांना पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या भुकटीचा भट्टीत भाजलेला थर, करून देतो असे सांगायचे, पैसेही त्याचेच घ्यायचे आणि प्रत्यक्षात मळक्या चाकावर डबाबंद फवाऱ्याचा साधा रंग मारून द्यायचा, अशी फसवणूक पुण्यात माझ्या वाट्याला आली. प्रत्येक चाकामागे साडेतीन हजार, म्हणजे चार चाकांचे चौदा हजार रुपये गेले. परंतु ही लबाडी ज्या जागी केली जाते ती जागा ग्राहकाच्या नजरेस पडत नाही आणि तिच्यामुळे चाकाचे नट सैल होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही.

गाडी जुनी होती आणि तिचे आधीचे मालक रत्नागिरीचे होते. दगड उडून किंवा फूटपाथच्या कडेला घासून अलॉय चाकावरचा पारदर्शक थर एकदा फुटला, की समुद्राकाठची खारी ओल त्या फटीतून आत शिरते आणि रंगाखालीच ॲल्युमिनियम खात पुढे सरकत जाते. वरून पाहणाऱ्याला वाळवीच्या वाटांसारख्या पांढुरक्या, नागमोडी रेषा तेवढ्या दिसतात. अशा चाकावर नुसता नवा रंग चढवून उपयोग होत नाही. जुना थर पूर्ण उतरवून धातू उघडा करावा लागतो, नाहीतर खालची झीज चालूच राहते. मी हे सगळे वाचून, विचारूनच दुकानात गेले होते. तेथे मालकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, “मॅडम, आधी सगळा जुना रंग उतरवणार, सँडब्लास्टिंग करणार, मग भट्टीत भाजणार. पाच वर्षं चाकांकडे बघायला नको.” सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा करून धातू साफ करणे. मोबाइलवर त्यांनी भट्टीची छायाचित्रेही दाखवली. ती भट्टी कोणाची होती, हे आजतागायत समजलेले नाही.

सकाळी सोडलेली गाडी त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळाली. गडद करड्या रंगाची चाके तुकतुकीत दिसत होती. बिलावर मात्र ‘व्हील पेंट, ४ नग’ एवढेच लिहिलेले होते. पावडर, ब्लास्टिंग, पाच वर्षे यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता, आणि याबद्दल विचारले तेव्हा “आमच्याकडे सगळं असंच लिहितात” असे उत्तर मिळाले.

पहिल्या पावसाळ्यातच चाकांच्या कडांचे पापुद्रे निघू लागले. त्यातच एक चाक पंक्चर झाले आणि आमच्या भागातल्या पंक्चर काढणाऱ्या काकांनी टायर रिमवरून सोडवला, तेव्हा कडेचा रंग पट्टीच्या पट्टी सुटून आला. खाली जुना चंदेरी रंग जसाच्या तसा चमकत होता. त्याला पॉलिश पेपरचा साधा ओरखडाही लागलेला नव्हता. चाकाच्या आतल्या बाजूला जेथवर फवारा पोहोचतो तेथवर रंग आणि त्यापलीकडे ब्रेकची काळी भुकटी होती. बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजने जागच्या जागी होती आणि चिखलासकट रंगवलेली होती. काका म्हणाले, “ताई, हे टायर रंगाच्या वेळी उतरवलेलेच नाहीत.” एका वाक्यात सगळा उलगडा झाला.

तो कसा, हे समजण्यासाठी खरी प्रक्रिया थोडी माहीत असायला हवी. पावडर कोटिंगमध्ये ओला रंग नसतोच. कोरड्या भुकटीला विद्युतभार देऊन ती अर्थिंग केलेल्या धातूवर उडवतात, तेथे ती चिकटून राहते आणि मग ते चाक साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा ते वीस मिनिटे ठेवले, की भुकटी वितळून तिचा एकसंध, पुन्हा न वितळणारा थर तयार होतो. या थराची जाडी साधारणपणे ६० ते १०० मायक्रॉन असते. इतक्या उष्णतेत टायर आणि व्हॉल्व्हचे रबर टिकणे शक्य नाही, त्यामुळे दोन्ही काढावेच लागतात. टायर काढला म्हणजे परत बसवल्यावर बॅलन्सिंग नव्याने करावे लागते आणि वजनेही नवी लागतात. ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत अडकलेली हवा भट्टीत बाहेर पडून थराला बुडबुडे येतात, म्हणून जाणकार कारागीर चाक आधी एकदा मोकळेच भाजून घेतो. रंग उतरवणे, ब्लास्टिंग, मोकळे भाजणे, पावडर, पुन्हा भाजणे, बहुधा वरून पारदर्शक पावडर आणि तिसऱ्यांदा भाजणे, मग टायर आणि बॅलन्सिंग, एवढे सगळे चार चाकांवर सकाळ ते संध्याकाळ होईल, यावर माझा आता विश्वास बसत नाही.

तापमानाचा प्रश्न तर कारागिराची पारख करणारा आहे. अलॉय चाकाला कारखान्यात जी मजबुती येते ती साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या नियंत्रित उष्णतेत येते. त्याहून जास्त तापमानात चाक दीर्घकाळ किंवा वारंवार भाजले तर ती मजबुती कमी होऊ शकते. त्यामुळे भट्टी किती अंशांवर आणि किती वेळ ठेवता, असे विचारल्यावर जो नेमके आकडे सांगतो त्याच्याशी पुढे बोलावे, आणि जो “ते आमचं आम्ही बघतो” म्हणतो त्याच्याकडे चाक देऊ नये.

दुकानात परत गेले तेव्हा मी थिनर आणि पांढरे फडके बरोबर नेले होते. चाकाच्या आतल्या बाजूला थिनरचे फडके हलकेच फिरवताच ते करडे झाले. मालकांचे म्हणणे असे, की थिनरने कुठलाही रंग जाणारच. हे खरे नाही. नीट भाजलेला पावडरचा थर थिनरच्या झटपट पुसण्याने फडक्यावर उतरत नाही. फार तर त्याची चमक किंचित मंदावते. अर्थात हेही सांगितले पाहिजे, की हार्डनर घातलेला दोन भागांचा रंगही थिनरला दाद देत नाही, त्यामुळे फडके स्वच्छ राहिले म्हणजे पावडरच आहे असे सिद्ध होत नाही. फडके रंगले, तर मात्र ते पावडर कोटिंग नाही. यानंतर मालकांची भाषा बदलली, काम ‘बाहेरून’ करून घेतल्याचे निघाले आणि तो बाहेरचा माणूस कोण, हे काही कळेना.

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट रंगाच्या टिकाऊपणाची नव्हतीच. नट ज्या उतरत्या खोबणीत बसतात त्या खोबण्यांत आणि चाक जेथे हबला, म्हणजे ते ज्यावर बसवतात त्या गाडीच्या फिरत्या भागाला, टेकते त्या सपाट पृष्ठावर रंगाचे जाड थर साचलेले होते. नट आवळल्यावर असा मऊ थर दाबला जातो, काही अंतर चालल्यावर तो चेपून किंवा भुगा होऊन निघून जातो आणि तेवढ्या जाडीपुरती नटाची पकड ढिली पडते. माझ्या गाडीचे दोन नट पाना लावताच सहज फिरले. खरे पावडर कोटिंग करणारेही या जागा झाकून घेतात किंवा नंतर मोकळ्या करतात. त्यामुळे रंगवलेली चाके कोठूनही आली, तरी या खोबण्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

तक्रारीचे म्हणाल, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केली आणि दुकानाला छायाचित्रांसह लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे नोटिशीत मुद्दाम लिहिले होते. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर निम्मी रक्कम परत मिळाली. उरलेल्या रकमेसाठी आयोगाकडे जाण्यात ते ‘व्हील पेंट’ असे मोघम बिल आडवे आले असते, असे वकिलांचे मत पडले. बिलावर प्रक्रियेचे नाव, टायर उतरवणे व बॅलन्सिंग यांचे वेगळे आकडे आणि हमीची मुदत लिहून देण्यास दुकानदार तयार नसेल, तर त्याच्या तोंडी हमीची किंमत शून्य धरावी.

चाके शेवटी मी घरीच रंगवली. घरी पावडर कोटिंग होत नाही, याची जाणीव ठेवूनही सांगते, की नीट घासलेल्या चाकावरचा साधा रंग हा मळकट चाकावरच्या कोणत्याही महागड्या रंगापेक्षा जास्त टिकतो. पावसाळा संपून हवा कोरडी होईपर्यंत थांबले, कारण दमट हवेत रंग पांढुरका पडतो. रंग उतरवण्याचे रसायन हातमोजे घालून वापरले, मग साबणाने धुऊन, डांबराचे आणि तेलकट डाग पुसून, ३२० आणि नंतर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सर्वत्र घासले. खरा वेळ गेला तो येथे. पांढुरक्या रेषा होत्या तेथे स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावे लागले. टायरमधली हवा सोडून रिम आणि रबर यांच्या फटीत जुन्या पत्त्यांचा कॅट एकेक पान करून सभोवती खोचला, म्हणजे रंग टायरवर जात नाही आणि रिमच्या अगदी कडेपर्यंत पोहोचतो. व्हॉल्व्ह, नटांच्या खोबण्या आणि हबला टेकणारा भाग मास्किंग टेपने झाकला.

उघड्या ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही. त्यावर आधी एचिंग (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर, लागतो. त्यावर भराव प्रायमरचे दोन हात, ६०० नंबरने हलकी घासणी, मग रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे. शेवटचा पारदर्शक थर हार्डनरवाला वापरला, कारण साध्या लॅकरला पेट्रोलचा थेंबही सोसत नाही. या प्रकारच्या डब्याच्या तळाची कळ दाबून हार्डनर एकदा आत सोडला, की डबा एक-दोन दिवसांतच निकामी होतो, म्हणून चारही चाके तयार ठेवूनच कळ दाबावी. त्याच्या वाफेत आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क ती अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लावून, मोकळ्या अंगणात आणि मुलांना दूर ठेवूनच हे काम करावे, अन्यथा हा एक थर कारागिराकडून मारून घ्यावा.

आठवडाभर चाकांना साबण किंवा क्लीनर लावले नाही. नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळले आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. त्यानंतर एक पावसाळा गेला आहे. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला खडीचा एक टवका उडाला, तो घासून, प्रायमर आणि रंगाचा ठिपका देऊन वरून पारदर्शक थर लावला. त्याच्या आसपास पांढरी रेषा अद्याप उमटलेली नाही.