धडकेनंतरची इलेक्ट्रिक गाडी: मोठी बॅटरी ठणठणीत, छळलं ते बारा व्होल्टनं

सर्व्हिस सेंटरनं सव्वा लाखाच्या वरचं कोटेशन हातात ठेवलं, तेव्हाच ठरवलं की हे लिहून काढायचं. इलेक्ट्रिक गाडीची रेंज किती, डिकी किती, पिकअप कसा, हे सगळ्यांना पाठ आहे. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन घरी आल्यावर पुढं काय काय निघतं, तेवढंच सांगतो.

माझा वह्या-कागदाचा होलसेल धंदा. बेळगाव, संकेश्वर, निपाणी ही कायमची फेरी. गळीत हंगाम, रात्रीची वेळ, हत्तरगीच्या अलीकडं उसाची डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला, तरी गाडीचं नाक आत गेलंच. एअरबॅग उघडल्या, आम्ही सगळे धड. गाडी मात्र जागीच गप्प झाली, आणि ते बरोबरच आहे. एअरबॅगचा सिग्नल गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीलाही जातो, आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, सुटतात आणि पुढची लाइन मरते. बऱ्याच गाड्यांत पायरोफ्यूज असतो, तो उडून जोडणीच तोडतो. एकदा उडाला की नवाच घालायचा.

क्रेनवाला दोर लावून ओढतो म्हणाला. मी नको म्हटलं. पुढची चाकं फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होते, आणि ती जाणार कुठं? त्यानं कुरकुर केली, जादा पैसे घेतले, पण गाडी उचलून वर ठेवून आणली. तिथं काटकसर करू नका.

बॉडीचं काम झकास झालं. बॉनेटची फट दोन्ही बाजूंना सारखी, रंगात फरक नाही. सर्व्हेअरनं खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या आत बसवला, म्हणून गाडी टोटल लॉसमध्ये गेली नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी होती म्हणून वाचलो. साध्या पॉलिसीत एअरबॅगवर सरळ ५० टक्के घसारा कापतात, प्लॅस्टिकवरही तेवढाच. पहिले काही आठवडे मी भेटेल त्याला सांगत होतो, गाडी नव्यासारखी झाली.

मग पाऊस सुरू झाला.

खानापूर रोडला वायपर, हेडलाइट, ब्लोअर तिन्ही चालू असताना स्टेअरिंग एकदम जड. स्क्रीनवर एबीएस, स्टेअरिंग, रीजन (वेग कमी होताना मोटरनं वीज परत बॅटरीत भरणं), एकामागून एक पिवळे दिवे, आणि शेवटी ‘सर्व्हिसशी संपर्क साधा’. बाजूला घेतली, बंद करून चालू केली, सगळं गायब. असं वारंवार. कधी सकाळी रेडीच होईना. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, आणि गाडी हलत नाही!

सर्व्हिसमध्ये स्कॅनर लावायचे, ‘कम्युनिकेशन तुटलं’ अशा कोडची रांग निघायची, ती पुसायची आणि चावी परत. पुढच्या वेळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलली, फरक शून्य. पुन्हा गेलो की काउंटरवर ‘नाळे बर्री सर’, उद्या या. शेवटी म्हणाले डीसी-डीसी कन्व्हर्टर गेलाय, तो चार्जरच्याच डब्यात आहे, अख्खा डबा बदलावा लागेल. सव्वा लाखाचं कोटेशन ते हेच. वॉरंटी? ‘अपघाताची गाडी आहे, सर.’ इन्शुरन्स? ‘हे अपघातामुळं झालंय हे सिद्ध करा.’ म्हणजे एकाच्या मते अपघातामुळंच, दुसऱ्याच्या मते अपघाताशी संबंधच नाही. दोघांचंही बरोबर, पैसे तेवढे माझे.

आता माझी खरी तक्रार. एवढा मोठा स्क्रीन दिलाय. गाणं कुठलं वाजतंय, बाहेर किती डिग्री, माझ्या ड्रायव्हिंगला किती मार्क, सगळं दाखवतो. बारा व्होल्टचा आकडा दाखवत नाही! आतल्या कॉम्प्युटरला तो प्रत्येक क्षणी माहीत असतो. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १४ व्होल्टच्या आसपास उतरवून छोटीला देतो. मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर मात्र त्या छोटीच्याच जिवावर ओढले जातात. किल्लेदार ती छोटीच, आणि तिचीच हजेरी मालकाला दाखवत नाहीत. सनरूफ नको, मला तो आकडा द्या.

शेवटी सिगारेट सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर आणला. वडापावच्या दोन-चार प्लेटांच्या किमतीत मिळतो आणि पूर्ण अपघात प्रकरणातली माझी हीच सगळ्यात फायद्याची खरेदी. गाडी रेडी, बाकी सगळं बंद असताना १४.१. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करायचं बटण, सगळं चालू केलं, १२.६. वर स्टेअरिंग फिरवलं की १२ च्याही खाली. दिवे नेमके तिथंच लागायचे.

हे घेऊन उद्यमबागेतल्या एका वायरमनमामांकडं गेलो. टेम्पो-ट्रॅक्टरची वायरिंग करणारा माणूस. पहिलंच वाक्य, ‘मालक, केशरीला मी हात लावत नाही. बारा व्होल्टाचं बघतो, चालतंय काय?’ केशरी म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या केबल. तिथंच विश्वास बसला. सगळा लोड चालू ठेवून त्यांनी मल्टिमीटर छोट्या बॅटरीच्या टोकांना लावला. १४, ठाम. सॉकेटवर मात्र १२.६. म्हणजे कन्व्हर्टर देतोय, मधेच कुठंतरी खाल्लं जातंय. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा बॉडीच्या उघड्या पत्र्याला. तिथं ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवा. दिसला १.२.

बॅटरीची आणि कन्व्हर्टरची, दोन्ही मायनस केबल एकाच बोल्टनं पुढच्या एप्रनला, म्हणजे बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्याला, अर्थ केलेल्या. मामांनी बोल्टाला बोट लावलं, ‘कोमट लागतंय बघा.’ मायनस काढून बोल्ट खोलला तर लगाखाली (केबलच्या टोकाच्या कडीखाली) प्रायमर आणि त्यावर गुळगुळीत नवा रंग. एप्रन नवा घातला, रंग मारला, आणि रंगावरच अर्थिंग कसलं! फक्त बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा करंट जात होता. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, लग घासले, आवळले, वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजलं, ०.०६. सॉकेटवर सगळा लोड घेऊनही १३.८. मजुरी सांगितली तर सव्वा लाखवाल्यांना लाज वाटेल.

इथंपर्यंत लिहून सर्व्हिस सेंटरला शिव्या घालून थांबणार होतो. पण नंतर मत थोडं बदलावं लागलं. दिवे गेले, तरी भरपूर पाऊस झालेल्या सकाळी ‘इन्सुलेशन फॉल्ट’, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज बॉडीत झिरपतेय असा इशारा, येऊन गाडी चार्जिंग नाकारायची. हा मामांचा प्रांत नव्हे. यासाठी हुबळीहून एक सीनियर टेक्निशियन आला आणि त्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी मोठ्या बॅटरीची लाइन तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं शांत बसला, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले, लाइन शून्य असल्याची खात्री केली. मग केशरी केबलचा एकेक भाग सोडवून ५०० व्होल्टच्या टेस्टरनं बॉडीशी मोजत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या आर१०० नियमात नुसत्या डीसी करंटला व्होल्टमागं किमान १०० ओहम आणि एसी करंटची लाइन जोडलेली असेल तर ५०० ओहम इन्सुलेशन लागतं. म्हणजे ३२० व्होल्टला १ लाख ६० हजार ओहम. कोरडी असताना सगळे भाग मेगाओहमात, म्हणजे दहा लाखांच्या पटीत. गाडी थंड करणाऱ्या एसीच्या कॉम्प्रेसरच्या कनेक्टरवर स्प्रेनं पाणी मारलं, आकडा धाडकन पडला. खालच्या बाजूला प्लॅस्टिकला केसाएवढी चीर. धडकेचीच ती. फोटो काढून त्यानं स्वतः इन्शुरन्सला रिपोर्ट लिहिला आणि पुरवणी क्लेम पास झाला.

म्हणून घरी कुणी मल्टिमीटर घेऊन केशरी केबलपाशी जाऊ नये. पण बारा व्होल्टची बाजू आधी तपासून द्या, असं सेंटरला लेखी सांगा. ‘बॉडी रिपेअरनंतर सगळे अर्थिंग पॉइंट मोजले’ अशी ओळ जॉबकार्डवर लिहून घ्या. सेकंडहँड घेताना नाक रंगवलेली इलेक्ट्रिक गाडी दिसली तर सॉकेट मीटर खिशात ठेवून ट्रायल घ्या, मालकासमोर सगळे दिवे लावा.

गाडी आता बरी चालतेय, हेस्कॉमचं विजेचं बिल बघून घरचे खूश आहेत, आणि चोर्ला घाटाच्या उतारावर रीजन पुन्हा पूर्वीसारखा धरतो. कोल्हापूरचा एक डीलर अपघाताचं कारण सांगून निम्म्या भावात मागत होता. दिली नाही. रंगावर अर्थ केल्याबद्दल बॉडीशॉपकडं मामांची मजुरी आणि छोट्या बॅटरीचे पैसे मागितलेत. पत्र पोचल्याची सही आहे, उत्तर नाही.