केळीचं कॅरेट, चाळीसचा बल्ब आणि वजनकाटा: सात महिन्यांच्या वापरानंतर

कवडी ही माझी पांढरी कबुतरीण, गिरेबाज जातीची. जानेवारीत शिक्र्याने (लहान शिकारी पक्षी) धरली, कशीबशी सुटली आणि अर्ध्या तासाने पत्र्यावरून चालत घरी आली. उडत नाही, चालत. तेव्हापासून तिच्यासाठी जे जे आणलं, त्यातलं काय कामाला आलं आणि काय माळ्यावर गेलं ते लिहून ठेवतोय. मी चोपडा तालुक्यातला, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पक्ष्यांचा डॉक्टर नव्हे. पण ज्याच्या घरी कबुतरांची ढाबळ आहे त्याच्यावर ही वेळ येतेच.

त्या सकाळचं थोडक्यात सांगतो. थंडी होती, नऊच्या सुमारास सहा पक्षी सोडले होते. शेजारच्या निंबातून काहीतरी सरळ रेषेत निघालं आणि वर कापूस पिंजल्यासारखी पांढरी पिसं उडाली. शिक्रा तसा सरडे, चिमण्या, लहान पाखरं यांच्यावर जगणारा. भरलेलं कबूतर त्याला जडच जातं, म्हणून बहुतेक सुटली. शिवाय भ्यायलेलं कबूतर शेपटीची आणि पाठीची पिसं चटकन सोडून देतं, शिकाऱ्याच्या पंज्यात पिसंच राहतात. कवडीची शेपटीची बारापैकी सात गेली होती. पाठीवर तीन बोटं कातडी फाटलेली, उजवा पंख लोंबलेला. आजीने बघितलं आणि म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ हिले?"

पहिली चूक इथेच झाली. शेजारच्या काकांनी हळद-तेल लावायला सांगितलं, मी लावलं. हळदीचं ठीक, पण तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत. नंतर ते काढताना तिला जास्त त्रास झाला. दुसरी चूक, दमलीय म्हणून लगेच पाणी पुढे ठेवलं. ती प्यायली आणि छातीची पिसं खालून ओली झाली. मला वाटलं वाटी सांडली. मग जखमेतून दादर ज्वारीचा एक फुगलेला दाणा बाहेर आला आणि माझे हातपायच गळाले. गळ्याखालची दाण्यांची पिशवीच फाटली होती, आणि पिसांमुळे ती जखम वरून दिसतच नव्हती. ज्यांच्याकडे असं घडेल त्यांनी पहिल्यांदा फुंकर मारून छातीवरची पिसं बाजूला करून बघावं.

तालुक्याला एका ठिकाणी नेलं तर "एवढ्या पैशांत नवीन जोडी येईल" असं ऐकवलं. तापी ओलांडून जळगावला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आतली पिशवी वेगळी शिवली, वरची कातडी वेगळी. दोन्ही एकत्र शिवली तर पुन्हा गळतं म्हणाले. औषधं त्यांनी वजन करून ठरवली, ती इथे लिहीत नाही, कारण तीच तुमच्या पक्ष्याला चालतील असं नाही. माणसांच्या दुखण्याची गोळी चुरून देऊ का, असं विचारल्यावर मात्र ते भडकले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊनच गिधाडं मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे त्यांनी मला उभ्या उभ्या सुनावलं.

आता वस्तूंकडे येतो.

केळीचं कॅरेट. हे मी विकत घेतलेलंच नाही. गल्लीतल्या केळीवाल्या भाऊंकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं. साधारण दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर खोल. त्याआधी चौदाशे रुपयांचा तारेचा पिंजरा ऑनलाइन मागवला होता, चकचकीत, झोका वगैरे. कवडी त्यात एक रात्र होती. घाबरून तारांवर आपटली आणि पंखाची दोन मोठी पिसं मोडून बसली. कॅरेटच्या भिंती गुळगुळीत, उंची कमी, त्यामुळे पंख फडफडवायला जागाच नाही, आणि आजारी पक्ष्याला तेच हवं असतं. वर मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर चादर. आत अंधार झाला की ती पाच मिनिटांत शांत. खराब झालं की नळाखाली धरायचं.

खोटही आहे. तळ घसरडा. वर्तमानपत्र घातलं तर पाय फाकायचे, जुना टॉवेल घातला तर त्याच्या दोऱ्यात नख अडकायचं. शेवटी आजीच्या जुन्या नऊवारीची जाड घडी बसली. दुसरं म्हणजे बाजूच्या भोकांतून मांजर पंजा घालू शकतं. आमच्याकडे बोका रात्री येतो, म्हणून कॅरेट दोन महिने माझ्या खाटेशेजारी स्टुलावर होतं. पाचपैकी साडेचार. तारेचा पिंजरा माळ्यावर आहे, कोणाला पोपटासाठी हवा तर सांगा, पण कबुतरासाठी देणार नाही.

चाळीसचा बल्ब. जखमी पक्षी आधी गारठ्याने जातो, जखमेने नंतर. कबुतराचं अंग मुळात एकेचाळीस-बेचाळीस डिग्रीचं असतं, आणि आमच्याकडे जानेवारीची पहाट सातपुड्याकडून येते. दुकानात एलईडीचा ढीग, पण एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना पिवळा बल्ब शेवटी कोंबडीची पिल्लं पाळणाऱ्याकडे मिळाला. तो कॅरेटच्या एकाच कोपऱ्यावर ठेवा, सगळीकडे नको. जास्त गरम झालं तर तिला दुसऱ्या टोकाला सरकता आलं पाहिजे. पहिल्या रात्री मी मधोमध लावला होता, तर चोच उघडून धापा टाकत बसली. वीज गेली की गरम पाण्याची बाटली पायमोज्यात घालून ठेवायची. तीन रात्री त्याच्यावर काढल्या.

स्वतःलाच चिकटणारी पट्टी. पिसांना चिकटत नाही, हे खरं. पण मी पहिल्यांदा छातीभोवती घट्ट गुंडाळली आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली व्हायला लागली. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छाती पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. पंख इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळायचा, अंगावरून जाणारा वेढा सैल. हाड मोडलेलं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पाचव्या दिवशी काढायला लावली, नाहीतर सांधा आखडतो म्हणाले. वस्तू चांगली, पण हातात शिकवणारा असेल तरच घ्या.

वजनकाटा. बायकोने केक करायला घेतलेला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मला विचाराल तर सगळ्या यादीत ही एकच वस्तू आधी घ्या. कवडी दिवसभर दाणे टिपताना दिसायची, आम्ही खूश. काट्यावर बुटांचं रिकामं खोकं ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग तिला आत बसवायची. पहिल्या दिवशी 296, तिसऱ्या दिवशी 279, पाचव्या दिवशी 261. म्हणजे टिपायची आणि फेकायची, गिळत काहीच नव्हती. विष्ठाही हिरवी आणि पातळ, म्हणजे पोटात दाणा नाही. मग डॉक्टरांना फोन करून भिजवलेले वाटाणे एकेक करून चोचीत मागे सरकवायला सुरुवात केली, एका वेळी आठ-दहाच, टाके ताणू नयेत म्हणून. नवव्या दिवशी काटा 264 वर थांबला, दहाव्या दिवशी 267. त्या सकाळी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

पाण्यासाठी विकत काही घेऊ नका. कबूतर चोच बुडवून एका दमात ओढून पितं, कोंबडीसारखं मान वर करत नाही, म्हणून भांडं खोल हवं. हलकी वाटी ती पालथी करायची. आजीने खलबत्त्यातला छोटा दगडी खल दिला, तो आजतागायत हललेला नाही.

पुढचे महिने पटकन सांगतो. उपटलेली पिसं लगेच नवीन येतात, दीड महिन्यात शेपूट भरली. पण पिंजऱ्यात मोडलेली दोन पिसं तशीच राहिली, कारण देठ आत असेपर्यंत नवीन पीस येत नाही. ती आता पावसाळ्यातल्या पीसगळतीत पडतायत. वजन मार्चमध्ये 312. मे महिन्यात पत्रा तापला तेव्हा कॅरेट कूलरच्या वाऱ्याच्या कडेला आलं, वारा अंगावर नाही, शेजारून. उडते, पण निंबाच्या वर जात नाही. कावळ्याची सावली पडली तरी जमिनीला चिकटते. शिक्रा अजून येतो, त्याला काही करता येत नाही आणि करायचंही नाही. 1972 च्या कायद्याने तो संरक्षित आहे, आणि तोही पोटासाठीच येतो. मी फक्त सोडायची वेळ बदलली आणि ढाबळीवर जाळी टाकली.

जूनमध्ये तिला ढाबळीत सोडलं. तिथे मडक्याची घरटी आहेत, बाकीचे त्यातच बसतात. कवडी भुऱ्या नराला घेऊन ओसरीवर आली आणि कॅरेटमध्ये नऊवारीच्या घडीवर काड्या आणून ठेवायला लागली. मागच्या गुरुवारी पहिलं अंडं, शनिवारी दुसरं. केळीवाले भाऊ काल कॅरेट परत मागायला आले होते. मी चादर थोडी वर करून दाखवली. "अठरा दिवस थांबा," म्हणालो. मग पिल्लं उडेपर्यंत आणखी महिना, हे सांगायच्या आत ते हसत निघून गेले, आणि संध्याकाळी पोराच्या हातून अजून एक कॅरेट पाठवून दिलं.