ब्रसेल्स स्प्राउट्स (इवल्या कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसणारी भाजी): ओव्हनमध्ये भाजू की कढईत परतू?
ओव्हनमध्ये करायचे तर अर्धे चिरा, तेल-मीठ चोळा, कापलेली बाजू ट्रेवर खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला २०-२५ मिनिटं, कडा तपकिरी झाल्या की मस्त गोडसर लागतात आणि मुलं नुसतेच उचलून खातात, फक्त ट्रेमध्ये गर्दी नको नाहीतर भाजण्याऐवजी वाफेवर शिजतात आणि जास्त शिजले की तो गंधकाचा वास येतोच. कढईतली मजा वेगळी, कोबीसारखे बारीक चिरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, मोठी आच, झाकण अजिबात नाही, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. आजी-आजोबांना पोळीबरोबर हीच आवडते. पहिल्यांदाच खाणाऱ्यांना मी ओव्हनवालेच देईन, रोजच्या डब्याला मात्र कढईच, झटपट होते ना!