पाणीगळतीचा सेन्सर आणि मेल: ॲपवाला, झिगबीवाला की घरी जोडलेला?

ठाण्यात पाण्याचं चोवीस तासांचं शटडाऊन जाहीर झालं, की एक अपघात ठरलेला असतो. सकाळी कुणीतरी नळ फिरवतं, थेंबही येत नाही, नळ तसाच उघडा ठेवून माणूस लोकल पकडायला पळतो. मग कधीतरी टाकीत पाणी चढतं आणि सिंकच्या जाळीवर नेमकी एक ताटली पालथी पडलेली असते. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे, हातात त्यांच्या पीओपीचा ओला तुकडा. दोन वर्षांपूर्वी तो नळवाला माणूस मी होतो. तेव्हापासून ओट्याखाली, वॉशिंग मशीनमागे आणि बेसिनखाली सेन्सर आहेत, आणि नातेवाइकांत मी ‘त्यातला जाणकार’ म्हणून बदनाम आहे.

परवा नेरूळहून मावसबहिणीचा फोन आला. गणपतीला सगळे मालवणला जाणार, फ्लॅट सात दिवस बंद. गावाहून भावोजी दोन दिवस आधी परततील, पण त्यांचं ऑफिस ऐरोलीला आणि त्यांच्या फ्लोअरवर मोबाइल नेताच येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. समोर स्क्रीनवर ऑफिसचा मेल मात्र दिवसभर उघडा. म्हणून तिचा प्रश्न सरळ होता: “मेल येणारा सेन्सर सांग.”

असा सेन्सर दुकानात मिळत नाही, हे आधी समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो. सेन्सरला फक्त ओलं आणि कोरडं कळतं. खालच्या दोन धातूच्या टोकांमध्ये पाणी आलं की बारीकसा प्रवाह वाहतो, बस्स. मेल पाठवणारा वेगळाच कुणीतरी असतो: कंपनीचा सर्व्हर, तुमच्या घरातला छोटा कॉम्प्युटर, किंवा तुम्हीच जोडलेली चिप. निवड करायची ती या पाठवणाऱ्याची.

आणि एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधी. हे सेन्सर लादीवर आलेलं पाणी ओळखतात. बाथरूमच्या स्लॅबमधून मुरणारी ओल, कन्सील्ड पाइपची गळती, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला सुटलेला ओलावा यातलं काही त्यांना कळत नाही. त्यासाठी घेत असाल तर पैसे वॉटरप्रूफिंगवाल्यासाठी ठेवा.

ॲपवाला

वायफायवर चालणारा, स्मार्ट लाइफसारख्या ॲपला जोडायचा सेन्सर. ना हब, ना डोंगल, म्हणजे मध्ये वेगळं यंत्र नाही. सेल घाला, ॲप उघडा, राउटरचा पासवर्ड द्या, दहा मिनिटांत काम झालं. ज्यांना घरात अजून एक यंत्र सांभाळायचं नाही त्यांच्यासाठी हाच.

पण मेलची अडचण इथेच सगळ्यात मोठी. ही ॲपं मोबाइलवर नोटिफिकेशन देतात. मेल बहुतेक ठिकाणी नसतोच. मग आयएफटीटीटीसारखा मध्यस्थ शोधा, त्याच्या फुकट खात्यात मोजकेच नियम बसवा, आणि कंपनीचा सर्व्हर ते मध्यस्थ, मध्यस्थ ते जीमेल अशा साखळीवर भरवसा ठेवा. भावोजींसारख्या माणसाला नोटिफिकेशनचा उपयोग शून्य, कारण ते लॉकरमध्ये वाजणार.

दुसरं दुखणं राउटरचं. हे सेन्सर 2.4 गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात. ब्रॉडबँडवाला येऊन राउटर बदलून गेला किंवा घरात कुणी पासवर्ड बदलला, की सेन्सर तुटतो. तो सेल वाचवायला झोपलेलाच असतो, त्यामुळे तुटल्याचं लगेच लक्षातही येत नाही. ओला झाल्यावर जागा होतो, राउटर शोधतो, सापडत नाही, आणि ओट्याखाली एकटाच बोंबलतो. भोंगा असेल तर.

झिगबीवाला

झिगबी म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांनी आपसात बोलायची, कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत. यात सेन्सर छोटा, नाण्याएवढ्या सेलवर चालणारा. अकारा या कंपनीचा सेन्सर सीआर 2032 सेलवर चालतो आणि कंपनी सेल दोन वर्षं टिकेल असं सांगते. तो आयपी 67 दर्जाचा आहे, म्हणजे थोडा बुडाला तरी मरत नाही. तो बोलतो डोंगलशी (यूएसबीत लावायचा रिसीव्हर), डोंगल लागतो रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला किंवा कपाटातल्या जुन्या लॅपटॉपला, आणि त्यावर घरातली उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर चालतं. सॉफ्टवेअर फुकट, पण तुमचे दोन शनिवार-रविवार जातात. हा खर्च कुणी सांगत नाही.

बदल्यात मेल तुमच्या मुठीत येतो. होम असिस्टंटमध्ये एसएमटीपीची, म्हणजे स्वतः मेल पाठवायची, सोय आहे. जीमेलचा सर्व्हर, 587 नंबरचा पोर्ट, स्टार्ट-टीएलएस हे एन्क्रिप्शन, पाठवणाऱ्याचा पत्ता, ज्यांना जायचा त्यांची यादी. इथे सगळे एकाच ठिकाणी अडकतात: नेहमीचा जीमेल पासवर्ड चालत नाही. मे 2022 अखेर गूगलने ती वाट बंद केली. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करायचं आणि मग 16 अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढायचा, तोच इथे टाकायचा. यासाठी नवं जीमेल खातंच उघडा. घरच्या मुख्य खात्याची किल्ली ओट्याखालच्या सेन्सरसाठी कशाला वापरायची?

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी अजून एक. झिगबीही 2.4 गिगाहर्ट्झवरच असतं आणि नेरूळच्या एका इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-तीस वायफाय नावं सहज दिसतात. झिगबीचा चॅनल 25 ठेवला तर या गर्दीतून बराच बाजूला राहतो. हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर बदललं तर काही सेन्सर पुन्हा जोडत बसावे लागतात. सेलवरचे सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे देत नाहीत, ते काम प्लगात लावलेली उपकरणं करतात. म्हणून डोंगल हॉलमध्ये आणि वॉशिंग मशीन पार मागच्या ड्राय बाल्कनीत असेल तर मध्ये एक झिगबी प्लग लावा.

घरी जोडलेला

ईएसपी 8266 किंवा ईएसपी 32 या वायफाय चिपचा बोर्ड, दोन स्टीलचे स्क्रू, थोडी वायर. स्वस्तात स्वस्त, आणि चिप स्वतःच जीमेलशी बोलून मेल पाठवू शकते, मध्ये कुणी नाही. इंजिनिअरिंगला असलेला भाचा घरात असेल तर मजा आहे. पण तांब्याची उघडी वायर टोकं म्हणून लावू नका. सतत वीज सोडली की ओलाव्यात वायर हिरवी पडून झिजत जाते. मोजायच्या क्षणापुरतीच वीज द्यायची असते. तयार बोर्ड सेलवर फार टिकत नाही, कारण चिप झोपली तरी बोर्डावरचे बाकीचे भाग वीज पीत राहतात. मग चार्जर लावा, आणि चार्जर सिंकखाली, पाण्याच्या शेजारी. मला तो विचारच आवडत नाही. शिकण्यासाठी करा, बंद घराच्या भरवशावर नको.

गप्प बसलेला सेन्सर

तिन्हींना मी एकच प्रश्न विचारतो: तू मेलास तर मला कोण सांगणार?

गळती वर्षातून एकदा होईल, कदाचित होणारही नाही. सेल मात्र नक्की संपणार, राउटर बंद पडणार, पासवर्ड बदलणार. मेल आला नाही याचा अर्थ ‘घर कोरडं आहे’ आणि ‘सेन्सर मेला आहे’ असा दोन्ही निघतो, आणि मालवणात बसून दोन्ही सारखेच दिसतात.

इथे ॲपवाला सगळ्यात कच्चा. झिगबीत सोय आहे, पण ती ढिली आहे. होम असिस्टंटचं स्वतःचं झेडएचए (त्याचा झिगबी सांभाळणारा भाग) सेलवरचा सेन्सर सहा तास गप्प राहिला की त्याला ‘उपलब्ध नाही’ म्हणतं. झेडएचएऐवजी वापरलं जाणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर त्याच कामाला मुळात 25 तास घेतं, म्हणून तो आकडा कमी करून घ्या. मग ‘ओला झाला तर मेल’ या नियमाला जोडून ‘गायब झाला तर मेल’ हा दुसरा नियम लिहा. बहुतेक लोक पहिला लिहितात आणि थांबतात.

आणि रास्पबेरी पायच बंद पडला तर? त्याचा मेल तो स्वतः कसा पाठवणार! त्यासाठी घराबाहेर बसलेला पहारेकरी हवा. हेल्थचेक्स डॉट आयओ ही सेवा ते काम फुकट खात्यातही करते. तुमचं घर तिला दर दहा मिनिटांनी ‘आहे’ असं कळवतं. हाक आली नाही, की मेल ती पाठवते. महावितरणची वीज गेली, ब्रॉडबँड गेलं, मेमरी कार्ड उडालं, सगळं यात पकडलं जातं. राउटर आणि रास्पबेरी पाय छोट्या यूपीएसवर ठेवले तर वीज गेल्याचे फुकाचे मेल टळतात.

दर रविवारी सकाळी आठला मला घरून एक मेल येतो: कोणता सेन्सर शेवटचा कधी बोलला, कुणाचा सेल किती उरला. कंटाळवाणा मेल. पण मागच्या दिवाळीत मी मेल पाठवणाऱ्या खात्याचा गूगल पासवर्ड बदलला आणि रविवारी मेल आला नाही. पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, हे तेव्हा कळलं. ते कळायला गळतीची वाट पाहावी लागली नाही, एवढंच पुरे.

मेल पोचला, पण पाहिला का?

मेल हे झोपेतून उठवायचं साधन नाही. आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जीमेल लगेच येत नाही, ठरावीक मिनिटांनी ओढून आणला जातो; जीमेलचंच ॲप वापरा. अँड्रॉइडवर त्या मेलसाठी वेगळं लेबल करून त्याला वेगळा आवाज देता येतो. विषयात जागा आणि वेळ दोन्ही घाला, नाहीतर एकाच विषयाचे मेल एका संभाषणात गुंडाळले जातात आणि नवा मेल जुनाच वाटतो. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायचा असेल तर आधी दोन-तीन चाचणी मेल पाठवा. बाहेरून आलेला ‘तातडी! पाणी!’ असा मेल कंपनीचा फिल्टर आनंदाने अडवतो.

रात्री घरी असताना मेलपेक्षा भोंगा बरा. झिगबीचा भोंगा इंटरनेट नसतानाही वाजतो.

लादी पुसण्याचाही हिशोब ठेवा. आमच्या मावशी दहाला पोछा मारतात आणि सुरुवातीला रोज दहा वाजून पाच मिनिटांनी मला मेल यायचा. नियमात तीस सेकंदांची वाट घालून बघितली, उपयोग झाला नाही, कारण टोकांखाली अडकलेला थेंब सुकेपर्यंत सेन्सर ओलाच. शेवटी मशीनमागचा सेन्सर मावशींच्या हाताबाहेर सरकवला आणि त्यांना एक कोरडं फडकं दिलं.

मग बहिणीने काय घेतलं

मी ॲपवाला सुचवला असता, जर घरात रोज कुणी असतं आणि फोन हातात असता. तिचं तसं नाही. म्हणून झिगबीचे दोन सेन्सर, एक आरओखाली, एक वॉशिंग मशीनमागे, आणि भावोजींचा जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच यूपीएस, फक्त राउटरसाठी वेगळा घ्यावा लागला. स्वयंचलित व्हॉल्व्हचं तिने विचारलं होतं. त्यांच्या फ्लॅटला स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन वेगवेगळी येते, एक व्हॉल्व्ह पुरणार नाही. त्यापेक्षा निघताना सगळे कॉक हाताने बंद करायचे. मग सेन्सर कशाला, असं ती म्हणाली. कारण एसीचं ड्रेन आणि वरच्या मजल्यावरचे लोक यांना कॉक नसतो.

भावोजींच्या टेबलावर ऑफिसचा लँडलाइन आहे. चावी समोरच्या काकूंकडे असते आणि काकू मेल पाहत नाहीत. काकूंचा नंबर भावोजींना पाठ नाही, तो आहे लॉकरमधल्या मोबाइलमध्ये. म्हणून आम्ही मेलच्या पहिल्याच ओळीत काकूंचा नंबर लिहिला, त्याखाली ‘आरओचा कॉक सिंकच्या डाव्या हाताला’ असं घातलं, आणि ओल्या फडक्याने सेन्सर दाबून चाचणी घेतली. चार मिनिटांनी काकूंनी बेल वाजवली.