नाताळचे दोनशे प्रश्न: एका पत्तेसंचाचे परीक्षण

नाताळच्या परंपरा आणि त्यांच्या अवतीभवतीचे सामान्यज्ञान या विषयावरील प्रश्नपत्त्यांचा एक संच आम्ही घरी आणला, त्याला आता महिना होऊन गेला. पुठ्ठ्याच्या पेटीत २०० पत्ते, अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ, गुण मांडण्याची वही आणि नियमांची छोटी पुस्तिका एवढे साहित्य आहे. चार संध्याकाळी आम्ही सगळे मिळून खेळलो. त्यानंतर मी एकटीने बसून सगळे पत्ते पहिल्यापासून वाचून काढले, कारण खेळताना काही उत्तरांवरून वाद झाले होते आणि ते मनातून जात नव्हते. गमतीच्या माहितीला मी कधीच हलके मानलेले नाही. लहानपणी खेळता खेळता कानावर पडलेली गोष्ट जन्मभर खरी म्हणून सोबत राहते, आणि म्हणूनच ती छापणाऱ्याने आधी नीट पारखून घेतलेली असावी, अशी माझी अपेक्षा असते.

पहिल्या संध्याकाळी सर्वाधिक रंगलेला पत्ता हिशेबाचा होता. बारा दिवसांच्या प्रसिद्ध इंग्रजी नाताळगीतात पहिल्या दिवशी एक भेट येते, दुसऱ्या दिवशी दोन नव्या भेटींबरोबर पहिली पुन्हा येते, आणि असे करत बाराव्या दिवसापर्यंत आधीच्या साऱ्या भेटी रोज नव्याने येत राहतात. तर एकूण भेटी किती, असा तो प्रश्न. आमच्यापैकी बहुतेकांनी घाईघाईने एक ते बाराची बेरीज करून ७८ हे उत्तर दिले, पण ते झाले केवळ बाराव्या दिवसाचे. पत्त्याच्या मागे ३६४ हे उत्तर आणि त्याखाली हिशेबाची रीत दिली आहे: पहिली भेट बारा दिवस येते म्हणून १२, दुसरी दोन-दोनच्या जोडीने अकरा दिवस येते म्हणून २२, तिसरी ३०, पुढे ३६, ४० आणि ४२. माझ्या भाचीने इथपर्यंतचे आकडे कागदावर उतरवले आणि सातव्या भेटीपाशी तिची पेन्सिल थांबली. "मावशी, आता तेच आकडे उलटे येतायत!" ती म्हणाली, आणि ते खरेच होते. सात सक बेचाळीस, आठ पाचे चाळीस, असे करत ओळ पुन्हा बारावर येऊन थांबते. अर्धी बेरीज १८२ आणि तिची दुप्पट ३६४, म्हणजे वर्षाच्या दिवसांहून फक्त एक कमी. घड्याळातली वाळू केव्हाच खाली आली होती, पण ते उलटे करण्याची आठवण कोणालाही राहिली नाही.

माझ्या मते अशा खेळाची खरी कसोटी हीच आहे. उत्तर कळल्यावर कोणीतरी "असं का?" म्हणून विचारते, आणि त्या वेळी पत्त्याकडे सांगण्यासारखे काही शिल्लक असेल, तर तो पत्ता चांगला. या संचात असे पत्ते निम्म्याहून अधिक आहेत आणि त्यांच्यासाठी मी संचकर्त्यांचे मनापासून कौतुक करते. पॉइन्सेटियाचाच पत्ता पाहा. तिच्या लाल पाकळ्या या पाकळ्या नसून फुलाभोवतीची रंगीत पाने, म्हणजे छदे, असतात आणि खरी फुले मध्यभागी पिवळसर, अगदी बारकी असतात, एवढे अनेकांना ठाऊक असते. परंतु मेक्सिकोतून आलेले हे झुडूप नेमके डिसेंबरातच लाल का होते, हेही पत्ता सांगतो. रात्री लांबल्या आणि अखंड अंधाराचे तास पुरेसे वाढले, की मगच ही छदे रंग धरतात. उत्तरात कारण आले म्हणूनच ते लक्षात राहिले.

दोन झाडांची सांगड घालणारा पत्ता तर मला संपूर्ण संचात सर्वात सुंदर वाटला. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील नाताळवृक्ष १९४७ पासून दरवर्षी नॉर्वेची राजधानी ऑस्लो भेट म्हणून पाठवते, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून. अमेरिकेतील बॉस्टन शहरात उभे राहणारे झाड कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातून येते, आणि त्यामागची घटना अधिक जुनी व अधिक दारुण आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्या प्रांतातील हॅलिफॅक्स बंदराच्या अरुंद भागात दारूगोळ्याने भरलेले एक जहाज दुसऱ्यावर आदळून पेटले आणि त्याच्या स्फोटात सुमारे १,८०० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच रात्री बॉस्टनहून डॉक्टर, परिचारिका आणि साहित्य घेऊन रेल्वेगाडी निघाली. पुढच्या वर्षी हॅलिफॅक्सने आभारादाखल एक झाड पाठवले. ती प्रथा पुढे खंडित झाली आणि १९७१ पासून पुन्हा सुरू झाली. हा पत्ता वाचून झाल्यावर माझी आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग तिने तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

बंदीवरील प्रश्नही विचारपूर्वक बेतलेले आहेत. नाताळ साजरा करणाऱ्याला दंड कोणी केला, असे विचारले की कोणीही एखाद्या ख्रिस्तेतर सत्तेचे नाव घेईल. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीतील कडव्या प्युरिटन ख्रिस्ती मंडळींनी १६५९ मध्ये हा कायदा केला, पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो १६८१ पर्यंत टिकला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्येच हा सण रद्द ठरवला होता. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेही दिलेली नाही आणि सणाच्या नावाखाली मद्यपान व दंगाधोपा चालतो, हे त्यांचे आक्षेप पत्त्यावर थोडक्यात, पण न्याय्य रीतीने मांडले आहेत. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली, ही त्याला जोडून दिलेली माहिती मला नवी होती.

अंतराळातील पत्त्याने मात्र मुलांना जिंकले. १६ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेच्या जेमिनी ६ या अंतराळयानातील वॉल्टर शिरा आणि थॉमस स्टॅफर्ड यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी एक अनोळखी वस्तू दिसत असल्याचे पृथ्वीवर कळवले आणि लगेच सोबत लपवून नेलेले माउथऑर्गन व घंटा काढून 'जिंगल बेल्स' वाजवले. अंतराळात वाजलेले हे पहिले संगीत मानले जाते. मूळ गीत जेम्स पियरपाँट यांचे, १८५७ साली निराळ्या नावाने प्रसिद्ध झालेले, आणि त्याच्या शब्दांत नाताळचा उल्लेख एकदाही येत नाही. भाचीने लगेच सगळी कडवी म्हणून खात्री करून घेतली.

आता उणिवा, कारण त्या किरकोळ नाहीत. ऐकीव गोष्टी छापताना संचकर्त्यांनी जी काळजी घ्यायला हवी होती, ती अनेक ठिकाणी घेतलेली नाही. सांताक्लॉजचा लाल पोशाख कोका-कोलाच्या जाहिरातींमुळे आला, असे एक पत्ता ठामपणे सांगतो. हॅडन सुंडब्लॉम यांनी १९३१ पासून त्या कंपनीसाठी काढलेल्या चित्रांनी आजचा गुबगुबीत, हसरा सांता घरोघरी पोहोचवला, हे खरे; पण लाल पोशाखातील सांता त्याच्या कितीतरी आधीपासून मासिकांच्या पानांवर होता आणि अमेरिकी व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांनी त्याचे रूप एकोणिसाव्या शतकातच घडवत आणले होते. 'सायलेंट नाइट' हे गीत चर्चमधील ऑर्गन उंदरांनी कुरतडल्यामुळे ऐनवेळी लिहिले गेले, ही कथाही अशीच. योजेफ मोर यांनी ती कविता १८१६ मध्येच लिहिली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे फ्रान्झ ग्रुबर यांनी तिला चाल लावली आणि त्याच रात्री दोघांनी ती गिटारच्या साथीवर गायली. उंदरांची गोष्ट त्या काळच्या कोणत्याही कागदपत्रात सापडत नाही. ती गोड आहे हे मला मान्य आहे, परंतु एका छोट्या गावातील पाद्री आणि शिक्षक यांनी मिळून केलेले गीत जगभर पोहोचले, ही खरी हकिगत तिच्याहून कमी गोड नाही.

बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या राजांची संख्या किती, या प्रश्नाचे 'तीन' हे उत्तरही खटकते. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडच्या मागी लोकांचा, म्हणजे ज्ञानी ज्योतिषांचा, उल्लेख आहे, त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचे सांगितले आहे. मात्र ते तिघे होते असेही म्हटलेले नाही आणि ते राजे होते असेही नाही. भेटी तीन म्हणून देणारे तीन, असे पुढच्या परंपरेने मानले. म्हणजे खरी नवलाची गोष्ट नेमकी या पत्त्याच्या हातून निसटली आहे. झाडावर काचेची काकडी लपवण्याची प्रथा जर्मनीतील प्राचीन परंपरा म्हणून दिली आहे. ती मुख्यतः अमेरिकेत रुजलेली असून बहुसंख्य जर्मन लोकांना ठाऊकही नसते.

रेनडिअरचा पत्ता चांगल्या आणि सदोष पत्त्यांच्या मधला आहे. सांताची गाडी ओढणारे रेनडिअर नर की मादी, या प्रश्नाला 'मादी' असे उत्तर आहे आणि कारणही दिले आहे: प्रौढ नरांची शिंगे हिवाळ्याच्या सुरुवातीला गळून पडतात, माद्यांची वसंतापर्यंत टिकतात, आणि चित्रांत तर सगळ्यांच्या डोक्यावर शिंगे दिसतात. भाचीच्या वडिलांनी हरकत घेतली की गाड्या ओढायला पूर्वापार खच्ची केलेले नर जुंपतात आणि त्यांची शिंगेही उशिरापर्यंत राहतात. हरकत योग्य होती. 'बहुधा' हा एक शब्द घातला असता, तरी पत्ता निर्दोष झाला असता.

देशोदेशीच्या प्रथांचा विभाग मला घाईत उरकल्यासारखा वाटला. आइसलँडचे तेरा खोडकर नाताळबुवा, १९७४ च्या जाहिरात मोहिमेनंतर जपानमध्ये रुजलेले केएफसीचे तळलेले चिकन, अशी नुसती नावे येतात आणि जातात. स्वीडनच्या येव्ले शहरात १९६६ पासून उभारल्या जाणाऱ्या पेंढ्याच्या प्रचंड बोकडाला आजवर किती वेळा आग लावली गेली, हा प्रश्न तर छापायलाच नको होता, कारण त्याचे उत्तर कोणत्याही वर्षी बदलू शकते. अपवाद मेक्सिकोतील ओआहाका शहराच्या मुळ्यांच्या रात्रीचा. नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी भाजीवाले मुळे कोरून मांडत, त्यातूनच १८९७ पासून २३ डिसेंबरची रीतसर स्पर्धा सुरू झाली, हे वाचताना ती मांडणी डोळ्यांसमोर उभी राहते.

मराठी मजकूर एकंदरीत स्वच्छ आहे, तरी मिसलटोला 'एक वेल' म्हणणे ही चूक आहे. आपल्याकडे तिच्यासाठी बांडगूळ हा नेमका शब्द तयार आहे. दुसऱ्या झाडाच्या फांदीत मुळे रोवून पाणी आणि क्षार घ्यायचे व हिरव्या पानांनी स्वतःचे अन्नही करायचे, हे त्या वनस्पतीचे वैशिष्ट्य त्या एका शब्दात सांगून होते. उत्तरे गडद लाल रंगावर करड्या, बारीक अक्षरांत आणि उलटी छापली आहेत. आईला चष्मा लावूनही ती वाचता आली नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीत तिच्या वाट्याची उत्तरे आम्हीच वाचली. पुढच्या आवृत्तीत निदान ही एक सुधारणा व्हावीच. लहान मुले खेळत असतील, तर वाळूचे घड्याळ बाजूला ठेवणे बरे.

सर्वात मोठी संधी मात्र दोन पत्त्यांमध्ये वाया गेली आहे. एक पत्ता म्हणतो की आयझॅक न्यूटन यांचा जन्म २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. दुसरा विचारतो की रशियन ऑर्थोडॉक्स चर्च नाताळ कोणत्या दिवशी साजरा करते, आणि ७ जानेवारी असे उत्तर देतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्हींचे कारण एकच आहे, ते कोणत्याही पत्त्यावर नाही. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चालत होते. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने न्यूटन यांची जन्मतारीख ४ जानेवारी १६४३ ठरते. रशियन चर्च सणांसाठी तेच जुने पंचांग मानते, म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. न्यूटन यांच्या काळी दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते, आज तेरा आहे, आणि २१०० हे साल ज्युलियन पंचांगात लीप असून ग्रेगोरियनमध्ये नसल्यामुळे ते चौदा होईल. हे आम्ही तिसऱ्या संध्याकाळी कागदावर मांडले, तेव्हा भाचीने दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. न्यूटनच्या पत्त्यावर तिने पेन्सिलीने '४ जानेवारी पण' असे लिहिले, आणि दुसऱ्यावर, उत्तराच्या खाली उरलेल्या जागेत, '२१०१ पासून ८ जानेवारी'.