कोल्ड एअर इनटेक बसवण्याआधी डायनोची चाचणी स्वतः उभं राहून बघा

पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनच्या दुकानाने माझ्या स्विफ्टला ‘रॅम एअर कोल्ड इनटेक’, म्हणजे इंजिनात थंड हवा नेण्यासाठीचं वेगळं पाइप-फिल्टरचं किट, बसवून 18,000 रुपये घेतले. ताकद 12 बीएचपीने वाढेल, अ‍ॅव्हरेजही सुधारेल, असं छातीठोकपणे सांगितलं आणि पुराव्यादाखल डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, दोन आलेख हातात ठेवले.

लबाडी त्या आलेखांतच होती. पहिली चाचणी तापलेल्या इंजिनावर, बॉनेट बंद ठेवून घेतलेली. दुसरी इंजिन निवल्यावर, बॉनेट उघडं टाकून आणि समोर मोठा पंखा लावून. तिथलं काम सोडलेल्या एका मुलानेच हे मला नंतर सांगितलं. मग मी दुसरीकडे, दोन्ही वेळा बॉनेट बंद ठेवून, कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) आणि हे किट असं दोन्ही मोजून घेतलं. किटवर ताकद उलट किंचित कमी भरली.

कारण साधं आहे. किट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि इंजिनाशेजारी उघडा बसलेला फिल्टर. तो बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. थंड हवेने ताकद वाढते हे खरंच आहे. तापमान 10 अंशांनी उतरलं की हवा साधारण 3 टक्के दाट होते. पण कंपनीची नळी मुळातच पुढून, ग्रिलजवळून बाहेरची हवा घेते.

रॅम एअरचं, म्हणजे गाडीच्या वेगाने हवा आपोआप इंजिनात दाबली जाण्याचं म्हणाल, तर ताशी 100 किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारची वेगमर्यादाच जास्तीत जास्त 100 आहे. दुकानदार सुपरबाइकचे दाखले देतो, पण त्या ताशी 250 ला पळतात तेव्हा कुठे हा फायदा 3 टक्क्यांच्या आसपास जातो. गाडी पळाल्यासारखी वाटते ती उघड्या फिल्टरच्या वाढलेल्या आवाजामुळे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती काही किटमध्ये बंपरमागे खाली नेलेल्या पाइपांची. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असं नुकसान बहुधा बसत नाही, त्यात न कळवलेलं मॉडिफिकेशन असेल तर क्लेम आणखी अडकतो.

दुकानाने पैसे परत द्यायला नकार दिला आहे. बिल, त्यांचे आलेख आणि दुसरीकडची मोजणी जोडून मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तुमच्याकडेही असे आलेख असतील तर सांभाळून ठेवा आणि चाचणीच्या वेळी आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती होतं, ते दुकानाकडून लेखी मागा.