'पोट साफ केलं की युरीन इन्फेक्शन जातं' म्हणून आईला घातलेला गंडा

सोलापुरातल्या बायकांनी, खास करून ज्यांच्या भिशीत एखादी 'हेल्थ कोच' घुसलीय त्यांनी, हे वाचाच.

आईला सारखं युरीन इन्फेक्शन व्हायचं. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, तिथं बाथरूमची बोंब, वर आपल्याकडचं ऊन, त्यामुळं घरात सगळे उन्हाळी लागलीय म्हणून धने-जिऱ्याचं पाणी द्यायचे. गोळ्या घेतल्या की बरं, संपल्या की परत जळजळ.

मग भिशीतली एक बाई तिला एका वेलनेस सेंटरला घेऊन गेली. तिथं हातात एक दांडी धरायला लावतात, स्क्रीनवर रंगीत चित्रं फिरतात आणि दोन मिनिटांत लिव्हर, किडनी, आतडी, सगळ्याचा रिपोर्ट हातात! 'गट (म्हणजे आतडी) खराब आहे, मूळ तिथं आहे, अँटिबायोटिक बंद करा.' पावडर, ड्रॉप्स, ११ हजार रुपये, बिल नाही.

गोची अशी की यातलं अर्धं खरं असतं. युरीन इन्फेक्शन करणारे ई-कोलाय जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून येतात, बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी, त्यामुळं वर चढायला वेळ लागत नाही. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूपण मरतात. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांच्या आतड्यात जंतूंचे प्रकार कमी असतात असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२२ ला दिसलंय. पण म्हणून पावडर खाऊन आतडं 'धुतलं' की इन्फेक्शन जातं, हे कुणीही सिद्ध केलेलं नाही, प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगल्या जंतूंच्या औषधाचासुद्धा अजून ठोस पुरावा नाही. ही माणसं खऱ्या वाक्याला खोटा डबा चिकटवून विकतात.

कोर्स चालू असतानाच आईला हुडहुडी भरून ताप आला, पाठीत एका बाजूला दुखायला लागलं. सेंटरला फोन केला तर म्हणे टॉक्सिन बाहेर पडतायत, गोळी देऊ नका. राग पैशाचा नाही, या वाक्याचा आहे. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं, ॲडमिट करावं लागलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, युरीन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट, कधी केलं होतं का? कुणी केलंच नव्हतं. सहा महिन्यांत २ वेळा किंवा वर्षात ३ वेळा झालं की ते 'वारंवार' धरतात, तेव्हा कल्चर करून कुठलं औषध लागू पडतं ते बघायला हवं, रिपोर्टला दोनेक दिवस लागतात. दुसरं म्हणजे पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीतले राखण करणारे जंतू कमी होतात आणि ई-कोलायला मोकळं रान मिळतं. त्यासाठी आतून लावायची क्रीम असते, ती डॉक्टरला विचारूनच. आईला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि असल्या गोष्टी बायका विचारतात तरी कुठं!

घरी आल्यावर तो मशीनचा रिपोर्ट नीट वाचला. त्यात आईचा प्रोस्टेट नॉर्मल आहे असं छापलंय. प्रोस्टेट! बायकांना नसतो ओ तो. डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही आहे, म्हणजे कायद्यानं ती खायची वस्तू, तिनं आजार बरा होतो असा दावा करताच येत नाही.

पैसे मागितले तर म्हणतात कोर्स अर्धवट सोडला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, बिल नसल्यामुळं यूपीआयचा स्क्रीनशॉट, डब्याचे फोटो आणि तो प्रोस्टेटवाला रिपोर्ट जोडलाय. तुमच्याकडं असा रिपोर्ट असेल तर फेकू नका.